सहा महिन्यांचं कुंकू

आमचे हे फोटोग्राफर होते, मी नव्हे. हे आधीच सांगते, कारण मिरजगावात अजूनही एखादा दुकानात शिरतो, "वहिनी, पासपोर्ट काढायचाय, दादांना हाक मारा," म्हणतो आणि मग जीभ चावतो. दादांना जाऊन नऊ वर्षं झाली. पाटीवर नाव त्यांचंच आहे, रंगनाथ फोटो स्टुडिओ, आणि पाटी बदला म्हणणाऱ्याला मी दुकानाची पायरी चढू देत नाही. धंदा मात्र आता झेरॉक्सचा, लॅमिनेशनचा आणि फोटो चौकटीत बसवून देण्याचा. फोटो काढायला येतात ते आधारवाले, शाळेच्या फॉर्मवाले, आणि ज्यांच्या घरात कुणी गेलंय ते. बाकी सगळ्यांच्या खिशात मोबाईल आहे आणि प्रत्येकाला वाटतं आपल्याला फोटो काढता येतो. असो.

ह्यांचा मोठा, रिळाचा कॅमेरा शेवटी भिंगात बुरशी धरून गेला. मग त्यांनी खिशात मावणारा एक छोटा डिजिटल कॅमेरा घेतला. पण मोठ्या कॅमेऱ्याचे फिल्टर, म्हणजे भिंगापुढं लावायच्या काचा, त्यांनी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात जपून ठेवल्या होत्या, एकेक काच मलमलीच्या तुकड्यात गुंडाळून. पिवळी, नारिंगी, निळी, लाल, लग्नातल्या दिव्यांच्या चांदण्या करणारी एक, आणि काचेवरची चमक मारणारी एक फिरती काच. छोट्या कॅमेऱ्याला यातलं काही बसायचं नाही. त्याच्या तोंडाला आटेच नाहीत. चालू केला की भिंग कासवाच्या मानेसारखं बाहेर येतं, बंद केला की आत. पण हे ऐकतील तर ना. एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हातात काच धरून उभे राहायचे. पुढं प्लॅस्टिकच्या पाइपचा तुकडा कापून त्याच्या तोंडाला एम-सीलनं काच बसवायची सोय केली. "नाकापेक्षा मोती जड," मी म्हणायची. ते म्हणायचे, "पुष्पा, ही काच फोटोत काही घालत नाही, काढून घेते. कुठल्या काचेनं काय निघतं तेवढं ध्यानात ठेवायचं." तेव्हा मला कणीक मळायची असायची, मी कुठं लक्ष देते.

ते गेल्यावर मात्र शिकले. गरज पडली की सगळं येतं. आधी कॅमेरा चालू करायचा, भिंग पुरतं बाहेर येऊ द्यायचं, मग पुढं काच आणायची. नाहीतर भिंग काचेवर धडकतं आणि कॅमेरा रुसून बसतो. काच अगदी सपाट धरायची, नाहीतर आपलीच बोटं तिच्यात दिसतात. चौकटीतल्या जुन्या फोटोची नक्कल काढायची तर फिरती काच धरून हळूहळू फिरवायची. एका जागी आली की चौकटीवरची खिडकी, ट्यूबलाइट, माझं स्वतःचं तोंड, सगळं नाहीसं होतं आणि आतला माणूस तेवढा राहतो.

गेल्या भाद्रपदात पितृपंधरवडा लागला होता, तेव्हा सहादेव आला. मिरजगावच्या पूर्वेला त्याची वस्ती आहे. जमीन कोरडवाहू, सहा महिने घरी आणि सहा महिने ऊसतोडीला खाली कोल्हापूरकडं. मला तोंडओळख होती, पोरीच्या शाळेचे कागद झेरॉक्स करायला यायचा म्हणून. त्या दिवशी त्याच्या हातात टॉवेलात गुंडाळलेली चौकट होती. ती त्यानं काउंटरवर ठेवली नाही, छातीशी धरूनच टॉवेल सोडला.

आत नुसतं लाल होतं. वरपासून खालपर्यंत लाल ओघळ, मध्ये थर, कडेला साडीचा काठ आणि एक कानातला वेल तेवढा दिसत होता.

"कुठल्या देवीचा फोटो म्हणायचा हा?" मी विचारलं.

"देवी न्हाई वहिनी," तो म्हणाला. "माझी मंडळी हाय. रतन."

माझ्या हातातला कागद तसाच राहिला. मी त्याला स्टूल पुढं केलं. तो बसला आणि चौकटीकडं बघतच बोलत राहिला.

रतनबाई तोडीवर असताना गेली. कोपीत, म्हणजे तिथल्या पाचटाच्या खोपटात, ताप भरला, चौथ्या दिवशी खलास. पोरगी जया तेव्हा दीड वर्षाची. बरोबरच्या बायकांनी तिकडंच मळवट भरला आणि तिकडंच सगळं उरकलं. घरी येताना सहादेवच्या पेटीत तिचा हा एकच फोटो होता. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत तिनं हट्ट करून काढून घेतलेला, आमच्याच दुकानात, ह्यांनीच काढलेला. चौकटीची काच त्याच हंगामात ट्रॅक्टरच्या धक्क्यानं फुटली होती. अहेवपणी गेलेली बाई, तेव्हा दरसाल अविधवा नवमीला तिच्या कपाळी कुंकू लावायचं हे आलंच. त्याची आई आधीच वारलेली, बहीण दुसऱ्या गावात. मग तोच लावायचा, पाण्यानं अंगठा ओला करून, थेट कागदावर.

"आन् मंग तोडीला निघायच्या टायमाला," तो म्हणाला. "सहा म्हयने मागं कोन लावनार? पोरगी आत्याकडं, घराला कुलूप. म्हनून जाताना चांगलं मूठभर लावून जायचो. सहा म्हयन्याचं येकदाच."

"आणि ही काच?"

"ती मागनं बसवली. जया आठ वरसाची आसंल तवा. दिवाळीच्या तोंडाला, निघायची घाई. कुंकू वलं हुतं, तसंच चेपलं वरनं. चिकटलं ते चिकटलंच. मंग काचंवर लावायला लागलो."

मला राग आला. खोटं कशाला बोलू? आला. एकच फोटो, आणि त्याची अशी दशा! पण रागवायचं कुणावर? दुसरा एखादा वर्षाच्या आत दुसरी करून मोकळा झाला असता. हा सतरा वर्षं बायकोच्या कागदाला कुंकू लावत होता.

"मग आता काय करायचं म्हणता?" मी विचारलं.

त्यानं चौकट मांडीवर सरळ केली. मग म्हणाला, "पोरगी इचारती, आप्पा, आई कशी दिसायची. मी म्हनतो, तुझ्यावानी. समदे तसंच म्हनत्यात. पर खरं सांगू का वहिनी? मला ठावं न्हाई. मला तिचं तोंड आठवंनाच झालंय. डोळं मिटलं की हे लालच दिसतं. येकदा तिचं तोंड बघायचंय. येकदा दिसलं की पुन्यांदा न्हाई इसरायचो."

कर्जतला एका मोबाईलच्या दुकानात तो आधी जाऊन आला होता. तिथं त्याच्या चौकटीचा फोटो काढून मोबाईलमध्ये कसल्याशा अ‍ॅपला दिला, आणि दोन मिनिटांत एक गोरीपान, पातळ भुवयांची बाई तयार झाली, सिरियलमधल्या नटीसारखी. "मी म्हनलो ही कोनाची वो? तर म्हनला, तुमचीच." सहादेव हे सांगताना हसला, मीही हसले. हसून झाल्यावर दोघांनाही कसंतरीच वाटलं.

मग तो सहज बोलून गेला, "दादांकडं त्याची निगेटिव असंल की."

निगेटिव्हची तीन पोती होती. एकेका पाकिटावर ह्यांच्या अक्षरात नाव, गाव, तारीख. हे गेल्यावर वर्षभरानं ती मीच भंगारवाल्याला देऊन टाकली. त्यांना आंबूस वास यायला लागला होता, हे कारण मी लोकांना सांगते. खरं म्हणजे ते अक्षर बघवत नव्हतं.

"मी भंगारात घातल्या, भाऊ," मी म्हणाले.

"व्हय. ठिवून तरी काय करनार," तो म्हणाला आणि मान हलवली. त्यानं दोन शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं. तेव्हाच मी मनात ठरवलं की काही झालं तरी या माणसाला त्याच्या बायकोचं तोंड दाखवायचंच.

"ठेवून जा चौकट," मी म्हणाले. "अष्टमीला संध्याकाळी या. नवमीला फोटो घरात पाहिजे ना?"

"पाहिजे," तो म्हणाला. टॉवेल त्यानं काउंटरवर घडी करून ठेवला, चौकटीखाली.

फोटो काचेवरून सोडवायचा प्रश्नच नव्हता. चिकटलेला फोटो ओढला की कागद हातात येतो आणि चेहरा काचेवर राहतो. एकदा एका म्हातारीच्या मालकाचं नाक मी असंच काचेवर ठेवलं होतं, ती अजून मला बघितलं की रस्ता बदलते. तेव्हा जे करायचं ते काचेवरूनच. बाहेरचं वाळलेलं कुंकू मी ओल्या कापसानं पुसलं. पुसताना मनात आलं की हे त्याला विचारून करायला हवं होतं. आतलं मात्र कागदात मुरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, गिऱ्हाईक नसतं त्या वेळी, मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं. खिडकीशी पाटावर चौकट जरा तिरपी ठेवली. समोर लोणच्याच्या दोन बरण्या, त्यांच्यावर वही, वहीवर कॅमेरा. आधी फिरती काच धरली. खिडकीची चमक गेली, काचेवरचे ओरखडे गेले, आणि लाल रंग होता त्याहून लाल दिसायला लागला. उपयोग शून्य. पिवळी धरली, नारिंगी धरली. निळी धरली तर सगळं काळं ठिक्कर पडलं, जणू बाईच्या तोंडाला काजळी फासली. मी निळी काच जवळजवळ आपटलीच.

मग लाल काच हातात घेतली, आणि ह्यांचं एक काम आठवलं. तलाठी कार्यालयातल्या एका जुन्या कागदावर लाल शाई सांडली होती. त्याचा फोटो ह्यांनी काळा-पांढरा काढला होता, लाल काच लावून. शाई गायब, खालची अक्षरं स्वच्छ. लाल काचेतून लाल आणि पांढरं सारखंच दिसतं, असं काहीतरी त्यांनी मला समजावलं होतं. मी कॅमेरा काळ्या-पांढऱ्यावर केला. लाल काच पाइपच्या तुकड्यात बसवली, तो तुकडा भिंगापुढं टेकवला आणि त्याच्याही पुढं फिरती काच हातानं धरली. दोन काचांनी उजेड इतका कमी झाला की कॅमेऱ्याला दीड-दोन सेकंद लागायला लागले. बटण दाबलं की कॅमेरा हलतो, म्हणून दहा सेकंदांचा टायमर लावायचा आणि श्वास धरून बसायचं. पहिल्या वेळी हात थरथरला. दुसऱ्या वेळी बाहेर ट्रक गेला आणि बरण्या किणकिणल्या. तिसऱ्या वेळी पाइप भिंगाला लागला आणि कॅमेरा रुसला, तो बंद करून पुन्हा चालू करावा लागला. किती वेळा केलं मोजलं नाही. खांदा भरून आला.

आणि मग ती आली. कॅमेऱ्याच्या एवढ्याशा पडद्यावर, ओघळ नाही, थर नाही, एक सावळी, गोल चेहऱ्याची पोर माझ्याकडं बघत होती.

"अहो, बघा!" माझ्या तोंडून निघालं. आत कोणी नव्हतं. मी तशीच जमिनीवर बसले आणि रडले, काही वेळ.

संगणकावर मोठा करून पाहिला. एकोणीस-वीस वर्षांची असेल. डाव्या डोळ्याखाली तीळ. भुवया जाड, जरा जवळ आलेल्या. डोळे मोठे आणि भ्यालेले. ओठ गच्च मिटलेले, दवाखान्यात सुई टोचून घ्यायला बसल्यासारखे. आमच्याकडच्या बायका फोटोला अशाच बसायच्या, हे त्यांना हसवता हसवता थकायचे. साडी काळी आली होती, म्हणजे हिरवी असणार. दोन दिवस मी त्या चेहऱ्याजवळ होते. गालावरचे धुळीचे ठिपके एकेक करून काढले, केसांवर कागदाला पडलेली भेग बुजवली, पापण्या तर मला पाठ झाल्या. जेवताना मध्येच उठून बघून यायची. मला मूलबाळ नाही. त्या दोन दिवसांत रतनबाई माझी कोणीतरी झाली, असं म्हटलं तर तुम्ही हसाल, पण झाली. चांगल्या जाड कागदावर मोठा फोटो छापला आणि उलटा करून काउंटरवर ठेवला, सहादेव आल्यावर उलटायचा म्हणून. मला फुशारकी मारायची होती, ते कबूल करते.

अष्टमीला संध्याकाळी सहादेव आला, बरोबर जया. कॉलेजला पहिल्या वर्षाला आहे, उंच, सावळी. तिला बघितल्याबरोबर मी हसले. तीळ तेवढा नव्हता, बाकी भुवया त्याच. मी फोटो सुलटा केला.

जया पुढं झाली. तिनं तोंडावर हात घेतला. मग वाकून अगदी जवळून बघायला लागली, काच नव्हती तरी बोट लावेना.

"काकू, हा तीळ खरंच आहे?"

"खराच. मी काय माझ्या पदरचा लावीन?"

"आप्पा, आईला तीळ होता, तुम्ही कधी सांगितलं नाही." ती रडतही होती आणि हसतही होती. "आप्पा, बघा ना."

सहादेवनं फोटो दोन्ही हातांत घेतला. उजेडाकडं वळला. मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. दोन दिवस मी याच घटकेची वाट पाहिली होती. तो बघत राहिला, बघत राहिला, आणि त्याच्या तोंडावर काहीच उमटेना.

"वहिनी," तो म्हणाला, "कुंकू कुठं गेलं?"

"ते सगळं काढलं," मी ऐटीत म्हणाले. "लाल काच लावली की लाल दिसतच न्हाई. येक ओघळ ठेवला न्हाई."

"मी लावलेलं न्हाई म्हनत. तिचं. तिच्या कपाळाचं."

मी फोटो त्याच्या हातातून घेतला. केसांपासून भुवयांपर्यंत कपाळ मोकळं होतं. स्वच्छ, गुळगुळीत. फोटो काढायला आली तेव्हा तिनं कुंकू लावलेलं असणारच, नव्या नवरीनं लावायचं नाही तर कुणी? ते त्या थराखाली होतं. काचेला काय कळतं कुठलं कुंकू बाईनं लावलं आणि कुठलं नवऱ्यानं. लाल काचेनं सगळंच पुसलं.

आणि मला ते दिसलं नव्हतं. दोन दिवस त्या चेहऱ्याची एकेक पापणी निरखली, पण कपाळ मला खटकलं नाही. कसं खटकणार? नऊ वर्षं रोज सकाळी आरशात मी तसंच कपाळ बघते. ते मला बरोबरच वाटलं. एवढी लाज मला जन्मात कधी वाटली नव्हती.

"थांबा," मी म्हणाले. "आत्ता लावते. रंगाचा ब्रश हाय माझ्याकडं. तिथल्या तिथं नीट लावून देते, कळायचंसुद्धा न्हाई."

मी ब्रश काढला, लाल रंगाची बाटली उघडली. सहादेवनं फोटोवर हात आडवा धरला.

"तुमी नका लावू, वहिनी."

मोठ्यानं नाही बोलला. हळूच बोलला. झेरॉक्सचं मशीन घरघरत होतं, तेवढाच आवाज. मला कळायला एक क्षण लागला. ओटी भरताना, हळद लावताना मला हळूच बाजूला बसवतात, त्याची आता सवय झाली आहे. पण कागदावरच्या बाईलासुद्धा माझं बोट चालणार नाही, हे मला सुचलंच नव्हतं.

"कागद हाय तो, भाऊ," मी म्हणाले. माझा आवाज चढला. "दोन दिवस ह्याच हातांनी तिचं तोंड पुसलंय मी. नवरा मेला म्हणून माझ्या बोटांना काय झालं?"

"मला कळतं वहिनी. तुमी वाईट वाटून घिऊ नका."

"वाटायचं ते वाटलंच."

"आप्पा, मी लावते," जया मध्ये पडली. "माझ्या हातचं चालेल ना? नाहीतर तुम्ही लावा. नेहमी तुम्हीच लावता."

सहादेव खाली बघत होता. "लावशील," तो म्हणाला. "वरनं लावशील. खाली उघडंच ऱ्हाईल की."

"कुणाला दिसणारे?"

"मला. मला आता कळलंय ना." त्यानं डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "ती भरल्या कपाळानं गेली. तेवढंच येक तिच्या पदरात पडलं. न्हाईतर माझ्या घरात येऊन तिला काय मिळालं? येक हिरवं लुगडं आन् ह्यो येक फोटो. आता तिचं तोंड बघायच्या हावंपायी मी तिला उघड्या कपाळाची करून घरात नेऊ? उद्या नवमी हाय. कोनाला पूजायचं? जित्ता हाय की मी."

मी भांडायला तोंड उघडलं होतं. पण तो माझ्याशी बोलतच नव्हता, तिच्याशी बोलत होता.

"आणि तोंड?" मी एवढंच विचारलं. "तोंड बघायचं हुतं ना तुम्हाला?"

"बघायचं हुतं," तो म्हणाला. "ऱ्हाऊ द्या आता."

त्यानं फोटो काउंटरवर पालथा ठेवला, आणि टॉवेल उलगडून जुनी चौकट त्यात गुंडाळायला लागला. बाहेरून कुंकू पुसलेलं त्याच्या ध्यानात आलं असणार. त्यानं बोटानं काच एकदा चाचपली.

जयानं पालथा फोटो उचलला. मला वाटलं पिशवीत घालते की काय. पण तिनं तो माझ्या हातात दिला. "काकू, हा तुमच्याकडं असू द्या," ती हळूच म्हणाली. "कॉलेजला येता-जाता बघून जाईन मी. तुम्हाला चालेल?" मी मान हलवली.

सहादेव पायरी उतरला. उतरून थांबला. चौकट छातीशी, पाठ माझ्याकडं, तोंड रस्त्याकडं.

"वहिनी, येक इचारू?"

"विचारा."

"फोटोत हसत हुती का वो ती?"

तेव्हा मला कळलं की इतका वेळ हा माणूस नुसतं कपाळ बघत होता. तीळ, भुवया, डोळे, ओठ, त्यानं काही म्हणजे काही पाहिलं नव्हतं. फोटो माझ्या हातात होता. पुढं होऊन त्याच्या तोंडासमोर धरला असता तर त्याला बघावं लागलं असतं. मी धरला नाही.

"हसत हुती," मी म्हणाले. "लई गोड हसत हुती."

"हसरीच हुती ती," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात थोडा जीव आला. "आठवतं मला. लई हसायची."

जयानं वळून माझ्याकडं पाहिलं. तिनं फोटो पाहिला होता. मग ती पायरी उतरली, बापाच्या हातातली चौकट घेतली आणि दोघं एसटी स्टँडकडं चालायला लागली.